कोकणातल्या धंद्याला ओपन सोर्स पटवायचं, तर किमतीपासून सुरुवात करू नका

सड्यावरून (धागाकर्ता)

रत्नागिरी, लांजा, राजापूर या पट्ट्यात मी दुकानदार, बागायतदार आणि छोट्या कारखान्यांच्या संगणकांची कामं करतो. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून लोक एकच प्रश्न घेऊन येतात: "मशीन चांगलं चाललंय, पण विंडोज 11 घेत नाही. आता नवीन घ्यायचं का?" टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर नसेल तर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही, आणि आपल्याकडच्या गल्ल्यांवरची निम्मी यंत्रं त्याहून जुनी आहेत. मालक विचारात पडलेला असतो. ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड उघडा आहे अशा मुक्त सॉफ्टवेअरचा (विंडोजऐवजी लिनक्स, एमएस ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस), विषय काढायला याहून चांगली वेळ नाही.

आणि नेमक्या याच वेळी आपल्यातले बरेच जण सगळ्यात दुबळा मुद्दा पुढे करतात: "अहो, याला पैसेच पडत नाहीत!"

मला हा मुद्दा मनापासून खटकतो. एक म्हणजे, त्या मालकाने आधीही पैसे दिलेले नसतात. मशीन जोडून देणाऱ्यानेच ऑफिस, फोटोचं सॉफ्टवेअर सगळं टाकून दिलेलं असतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब प्रमाणे माहीत असूनही बेकायदा प्रत वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. हे एकदा शांतपणे सांगावं, पण धाक म्हणून वापरू नये. घाबरलेला मालक सॉफ्टवेअर बदलत नाही, तो आपल्याला दुकानात बोलवायचं बंद करतो. दुसरं म्हणजे, बाजारात बिनपैशाच्या वस्तूला कोणी धनी नसतो असं मालक धरून चालतो, आणि धंद्याच्या बाबतीत त्याचं ते धरून चालणं शहाणपणाचंच आहे.

मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. "तुमचा सॉफ्टवेअरवाला उद्या बंद झाला, किंवा त्याने वर्गणी दुप्पट केली, तर मागच्या पाच वर्षांचा हिशेब बाहेर कसा काढाल?"

बागायतदाराला हे पुढे समजावावं लागत नाही. दलालाकडून पावसाळ्यात उचल घेतली की एप्रिलमध्ये माल त्याच्याकडेच घालावा लागतो, मग दुसरीकडे पेटीला चार पैसे जास्त मिळत असले तरी. हिशेबाची फाइल दुसऱ्याच्या बंद स्वरूपात अडकणं म्हणजे तीच उचल आहे, फक्त घेताना कळत नाही.

एक उदाहरण जवळून पाहिलं आहे. पावसजवळचे एक आंबा बागायतदार वाशीच्या बाजारात माल पाठवतात, शिवाय थेट गिऱ्हाइकांनाही पेट्या देतात. कुठल्या कलमांचा माल, पाच डझनी की सहा डझनी, कोणत्या दलालाकडे गेला, पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) कधी आली, गाडीभाडं, हमाली, तोलाई किती कापली, हे सगळं ते वर्गणीच्या एका प्रोग्रॅमवर लिहीत. प्रोग्रॅम वाईट नव्हता. पण सोडायचं ठरवलं तेव्हा कळलं की त्यातून बाहेर काय निघतं, तर एकेका पट्टीची पीडीएफ. आख्खी यादी कुठेच मिळेना. कंपनीला विचारलं तर "तशी सोय नाही." त्यांच्या मुलीने आणि मी त्या पीडीएफमधले आकडे हाताने लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या तक्त्यात) भरले. चौथ्या-पाचव्या हंगामाचे आकडे भरताना तिच्या लक्षात आलं, की एका दलालाच्या पट्ट्या मे महिन्यात नेहमीच उशिरा येतात आणि दरही तेव्हाच पडलेला असतो. इतकी वर्षं ही माहिती त्यांचीच होती, पण एकत्र बघायची सोय त्यांच्या हातात नव्हती.

ओपन सोर्सची खरी बाजू मला इथे दिसते. फाइलचं स्वरूप उघडं, कोड उघडा, म्हणून आज मी काम करतो, उद्या माझ्याशी पटलं नाही तर दुसरा करेल. मालक माझ्यावरही अवलंबून राहत नाही. हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगतो.

तुम्ही कोणाला पटवायला गेला असाल तर अडचणी कुठे आल्या ते लिहा. आणि जे स्वतः धंदा करतात त्यांनी जरूर लिहा, कारण आम्ही संगणकवाले आपापसातच फार बोलतो.

---

काजूगर_कुडाळ

सगळा पटला. पण माका एक सांगा, मशीन बंद पडल्यार येतलो कोण? आता फोन केलो की सावंतवाडीसून माणूस येता, उद्या नाय तर परवा तरी येता. तुमचो लिनक्सवालो खय गावतलो?

माझा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बायका गर सोलतात त्याची मजुरी किलोवर. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. शनिवारी पगार. त्या दिवशी संगणक बसला तर तीस बायका अंगणात उभ्या राहतात, आणि त्यांना "सॉफ्टवेअर उघडं आहे" हे सांगून मला चालणार नाही.

---

सड्यावरून

काका, हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

माझं उत्तर असं आहे: लायसनचे जे पैसे वाचतात ते वाचवू नका, माणसावर खर्च करा. वर्षाचा करार करा. त्यात लिहून घ्या की फोन केल्यावर किती तासांत येणार, शनिवारी कोण उपलब्ध असेल, बॅकअप कोण आणि किती दिवसांनी तपासणार. रत्नागिरी आणि मालवण दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथून दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी पकडतात. तुमच्यासारख्या दहा कारखान्यांनी करार केला तर त्यातली दोन पोरं कुडाळात राहतील.

आणि जोवर असा माणूस तुमच्या टप्प्यात नाही तोवर मी तुम्हाला बदला असं म्हणणार नाही. हे मी अगदी मनापासून सांगतो. आधाराशिवाय कुणाच्या गळ्यात लिनक्स घातलं, तर पुढची दहा वर्षं त्या बाजारपेठेत कोणी त्याचं नाव काढू देत नाही.

---

जमाखर्च

मी चिपळूणला करसल्लागाराच्या कार्यालयात आहे. दोन गोष्टी जोडतो, त्या नीट वाचा, कारण उत्साहाच्या भरात लोक इथेच फसतात.

1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल लागतो. कोणती नोंद कधी बदलली त्याची खूण राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेडला लागू, एकट्या मालकीच्या दुकानाला नाही. कोणी प्रायव्हेट लिमिटेडवाल्याला नू-कॅश हा हिशेबाचा मुक्त प्रोग्रॅम सुचवलं तर मी आडवा येईन. प्रोग्रॅम चांगला आहे, घरच्या हिशेबाला उत्तम, पण त्यात झालेली नोंद पुसता येते आणि जीएसटीची विवरणपत्रं त्यातून निघत नाहीत.

ई-इन्व्हॉइसचंही तसंच. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते बंधनकारक आहे. काजूवाले, मासळी निर्यातवाले यांतले काही जण त्यात बसतात.

ओपन सोर्समध्ये हे करायचं असेल तर ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर बघा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने केलेलं आहे, जीपीएल या मुक्त परवान्यावर आहे, आणि त्याला जोडायला इंडिया कंप्लायन्स नावाचं ॲप आहे, तेही मुक्त. त्यातून ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल होतं. पण ते बसवायला जाणकार लागतो, आणि गल्ल्यावर बसणाऱ्याला सवय व्हायला वेळ लागतो.

माझा सल्ला विचाराल तर टॅलीला हात लावू नका. टॅली मुक्त नाही, मान्य. पण तुमचा हिशेबनीस, तुमचा सीए, बँकेतला माणूस, सगळे तीच भाषा बोलतात. त्यातला डेटा एक्सेल आणि एक्सएमएलमध्ये बाहेर काढता येतो. बाकीचं सगळं आधी बदला: पत्रं, कोटेशन, मालाच्या याद्या, ब्राउझर, ईमेल, बॅकअप.

---

सड्यावरून

जमाखर्च, पूर्ण सहमत. एकदम सगळं बदलायचा हट्ट धरणारे लोकच या कामाचं सगळ्यात जास्त नुकसान करतात. मीही टॅली असेल तिथे त्या एका मशीनवर विंडोज ठेवतो. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन वापरायचा तोही त्याच मशीनवर, कारण सरकारी पोर्टलवर लिनक्समधून सही करताना अजून झगडावं लागतं. हे मालकाला आधीच सांगितलं की तो आपल्या पुढच्या शब्दावरही विश्वास ठेवतो.

---

वाशिष्ठीकाठ

चिपळूणला आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानांचे अहवाल, निवडणुकीत हँडबिलं. ओपन सोर्सकडे आम्ही कुणी पटवल्यामुळे गेलो नाही. पुराने नेलं.

22 जुलै 2021. पाणी माळ्यापर्यंत आलं. संगणक गेले त्याचं मी फार मनावर घेतलं नाही, ते परत घेता येतात. बॅकअपची हार्डडिस्क माझ्या भावाच्या घरी उंचावर होती, ती वाचली. पण मराठी टायपिंगच्या आमच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचा डोंगल होता, तो गेला. डोंगल लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही. कंपनीला फोन केला, बिल दाखवलं, पुराचे फोटो पाठवले. उत्तर आलं की हरवलेल्या डोंगलला नवीन लायसन घ्यावं लागेल, पूर्ण किमतीत. अख्खं गाव चिखल काढत होतं तेव्हाची ही गोष्ट.

आणि माझ्या हार्डडिस्कवर वीस वर्षांचं काम होतं. फाइली शाबूत होत्या, पण अक्षरं त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने साठवलेली, युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच वाचली जाणारी पद्धत) नाही. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडली की देवस्थानच्या अहवालाच्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा ढीग. माझ्याच गिऱ्हाइकांची नावं मला वाचता येत नव्हती. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही.

आता सगळं युनिकोडमध्ये करतो. पत्रिकांना इंकस्केप, पुस्तकांना स्क्रायबस. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' आणि गूगलचे 'नोटो' हे फाँट खुल्या परवान्यावर आहेत, मराठी जोडाक्षरं नीट येतात. जुन्या फाइलींपैकी लागतील तशा कन्व्हर्टरमधून बदलून घेतो, रफार आणि पाऊण य हाताने तपासावे लागतात.

नव्या लोकांसाठी खरं सांगतो: इंकस्केपमध्ये छपाईच्या चार रंगांचं काम पुरेसं होत नाही. म्हणून शेवटची पीडीएफ स्क्रायबसमधून सीएमवायकेमध्ये (छपाईच्या त्याच चार रंगांत) काढतो. प्लेट काढणारा सुरुवातीला "कोरलची फाइल द्या" म्हणून अडून बसला होता. नीट पीडीएफ मिळतेय म्हटल्यावर गप्प झाला.

---

काजूगर_कुडाळ

वाशिष्ठीकाठ, वाचून वाईट वाटलं. 2021 च्या मे महिन्यात तौक्तेने आमचीही शेड उडवली होती, पण हिशेब वहीत होते म्हणून वाचले. ह्या डोंगलाचा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. माझ्याही प्रोग्रॅमला तो आहे.

---

ठाण्याचा_देवगडकर

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, घर देवगडला. अवलंबून न राहण्याचा जो मुद्दा वर आला त्याचा सगळ्यात मोठा पुरावा लिब्रेऑफिस स्वतः आहे. 2010 मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतली आणि ओपनऑफिसचं काय होणार ही धास्ती पडली. तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांनी कोड उचलून लिब्रेऑफिस सुरू केलं. वापरणाऱ्याची एकही फाइल अडकली नाही, कारण ओडीएफ हे त्याच्या फाइलींचं स्वरूप 2006 पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. मायएसक्यूएल या माहिती साठवायच्या प्रोग्रॅमचंही तसंच झालं, त्यातून मारियाडीबी निघालं. बंद सॉफ्टवेअरची कंपनी विकली गेली तर गिऱ्हाइकाने वाट बघायची असते.

दुसरा आक्षेप हमखास येतो: "कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो." याला टाळू नका. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या मुक्त लायब्ररीतली भेग निघाली तेव्हा जगभर पळापळ झाली. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या छोट्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरदार पेरल्याचं उघड झालं. पण ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंट नावाच्या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने मुळाशी जाऊन कोड वाचला आणि जगाला सांगितलं. तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतो. कोड बंद असता तर त्याला वाचायलाच मिळाला नसता.

मालकाला एवढं सगळं सांगायची गरज नाही. अपडेट वेळेवर टाकणारा माणूस हवा, एवढं सांगितलं की पुरे. तो दोन्हीकडे लागतोच.

---

बंदरावरचा

सगळे एका सुरात बोलताय म्हणून विचारतो. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हाच प्रयोग केला होता ना? 2004 मध्ये सुरुवात, जवळपास 15 हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि 2017 मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या महापालिकेला निभावलं नाही ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या बर्फ कारखान्याला कसं निभावणार?

---

ठाण्याचा_देवगडकर

म्युनिकचं उदाहरण दिलंत हे बरं केलंत. त्याच्या शेजारी फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाचं उदाहरण ठेवा. त्यांनी 2005 च्या सुमारास फक्त ऑफिस बदललं. मग ब्राउझर आणि ईमेल. लोकांना रोजची साधनं सवयीची झाल्यावर 2008 पासून खालची विंडोज काढून उबुंटू हे लिनक्स घातलं. खिडक्या त्याच, बटणं तीच, फक्त पाया बदलला. हजारो संगणक आजही त्यावर चालतात.

म्युनिकची माघार नुसती तांत्रिक नव्हती. महापौर बदलले, सत्तेतल्या लोकांचं मत बदललं. छोट्या धंद्याला या बाबतीत फायदा आहे: निर्णय घेणारा आणि रोज वापरणारा एकाच टेबलाशी बसतो.

आणि आपल्या देशातली उदाहरणं का विसरता? केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. केंद्र सरकारचं 2015 चं धोरण आहे, की सरकारी कामाच्या निविदेत ओपन सोर्सचा विचार झालाच पाहिजे आणि तो वगळला तर कारण द्यावं लागतं. झिरोधासारखी शेअर दलालीची कंपनी आपला बराचसा कारभार मुक्त सॉफ्टवेअरवर चालवते आणि 2024 पासून अशा प्रकल्पांना वर्षाला 10 लाख डॉलर देते. ज्यांचा सगळा धंदाच पैशाच्या आकड्यांवर आहे, ते यावर विसंबतात. दुकानदाराला हे उदाहरण चटकन भिडतं, कारण त्याच्या मुलाच्या फोनवर ते ॲप असतं. आणि तो अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

---

तारकर्ली_निवास

आमचं होमस्टे आहे. बुकिंग मोठ्या पोर्टलवरूनच येतात, तिथे आमच्या हातात काही नाही. पण खोल्यांची यादी, सामानाची खरेदी, कामाच्या बायकांचे दिवस हे मी लिब्रेऑफिसमध्ये करते. मेनू मराठीत करून घेतले, त्यामुळे सासूबाईही उघडून बघतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे आहेत, त्यावरून शिकले. सावकाश बोलतात, थांबवून करून बघता येतं. पटवायला जाताना सोबत हे धडे घेऊन जा, नुसतं सॉफ्टवेअर टाकून निघून येऊ नका.

---

बंदरावरचा

फ्रान्सचं माहीत नव्हतं. टप्प्याटप्प्याने करायचं हे मला मान्य आहे. आमच्याकडे डिझेल आणि बर्फाच्या नोंदींच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) आहेत, ते चालतील का?

---

सड्यावरून

साधी सूत्रं चालतात. मॅक्रो मोठे असतील तर काही चालतील, काही पुन्हा लिहावे लागतील. तुमच्या फाइलीची एक प्रत काढा, लिब्रेऑफिसमध्ये उघडून एक महिन्याचा हिशेब दोन्हीकडे करून बघा. आकडे जुळले नाहीत तर त्या एका फाइलीसाठी एक्सेल ठेवा, अंगावर काढू नका. प्रिंटरही आधी तपासा. बाजारात दिसणाऱ्या छोट्या लेझर प्रिंटरपैकी काही लिनक्सवर फार त्रास देतात आणि नेमका पहिल्या दिवशी बिल निघालं नाही की मालकाचं मन उडतं.

---

काजूगर_कुडाळ

मी ठरवलंय. बी खरेदी मेअखेर आटपते, जूनमध्ये जरा उसंत असते. तेव्हा मजुरीची वही तेवढी बाहेर काढायची आहे. प्रत्येक बाईचं नाव, दिवस, अख्खा किती किलो, पाकळी किती, तुकडा किती, उचल किती, शनिवारी हातात किती. शिवाय उतारा: बीच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा गर निघायला हवा, कमी निघाला तर बी वाईट की भट्टी वाईट ते कळलं पाहिजे. आताच्या प्रोग्रॅममध्ये उताऱ्याचा तक्ता मागितला तर "पुढच्या आवृत्तीत" म्हणतात. टॅली तशीच ठेवणार, जमाखर्च म्हणतात तसं. माझा भाचा मालवणच्या तंत्रनिकेतनात आहे, त्याला ह्यात घालायचा विचार आहे. पैसे देऊन, फुकट नाही.

आताच्या प्रोग्रॅमची वर्गणी मार्चअखेर संपते. ती भरू की नको?

---

सड्यावरून

काका, यंदाची भरा. हंगामाच्या तोंडावर वही बदलू नका. पण पैसे द्यायच्या आधी त्यांच्याकडून मजुरी, बी खरेदी, गर विक्री आणि मालाचा साठा या चारही याद्या सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारा साधा तक्ता) मागून घ्या. त्या तुमच्या मशीनवर उघडून एका शनिवारचा पगार वहीशी ताडून बघा. डोंगल हरवला तर काय करणार, तेही आत्ताच लेखी विचारा. वर्गणी बाकी असेपर्यंत ते फोन उचलतात, नंतरचं सांगता येत नाही.

फाइली मिळाल्या की भाच्याला माझा निरोप द्या. मजुरीच्या तक्त्याचा नमुना मी इथेच चढवतो, म्हणजे बाकीच्या कारखानदारांनाही वापरता येईल.